न चाखलेलं पिंप

ओदील पेरोदँच्या तळघरात गेलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. तिथल्या पिंपांत आमच्या जुरा भागातली पिवळी वाइन निजलेली असते, सव्वासहा वर्षं. पिंप काठोकाठ भरायचं नाही, हलवायचं नाही. वाइनवर पातळ साय धरते, ती मोडली की वाइन आंबते, सगळ्या मेहनतीवर पाणी. ओदील तर तिथं बूट काढून लोकरी मोज्यांवर वावरते. मी तिची शेजारीण, तीस वर्षं तिच्या बाटल्या धुतेय. एकदा तिथं जोरात शिंकले, तर बाईनं मला आठवडाभर पायरी उतरू दिली नाही.

प्रत्येक पिंप ती वर्षातून दोनदा चाखते. एक सोडून. खिडकीखालच्या त्या पिंपात तिच्या वडिलांच्या शेवटच्या हंगामाची वाइन होती. त्या हंगामात वडील अंथरुणाला खिळले. धाकटा भाऊ आन्सेल्म लियों शहरात आचारी. त्याला हिनं फोनवर सांगितलं, "बरे आहेत रे. द्राक्षतोडणी उरकली की ये." तोडणी उरकायच्या आत वडील गेले. आन्सेल्म मातीला आला, अन् बहिणीशी चकार शब्द न बोलता परत गेला.

"ती वाइन आंबली, तर समजेन की मला माफी नाही," ओदील मला एकदा म्हणाली होती. आंबलीय का ते कळायला चाखावी लागते, हे मी हिला काय सांगणार? एवढी जाणती बाई, पण नुसत्या भीतीनं तोटीला हात लावला नाही.

सव्वासहा वर्षं भरली तेव्हा तिनं भावाला पत्र टाकलं. बाबांचं पिंप उघडतेय, स्वयंपाक तू कर. उत्तर एका शब्दाचं आलं. येतो.

फेब्रुवारीतला रविवार. भर दुपारी असं धुकं, की अंगणापलीकडचे द्राक्षवेल दिसेनात. तळघरात लांब टेबल, आठ पाहुणे, मेणबत्त्या. आन्सेल्म शेजारच्या खोलीत रांधत होता, मी ताटं नेत होते. आधी नदीतला मासा, त्याबरोबर कोवळी पांढरी वाइन. मग मशरूमचं सूप, त्याला जरा जुनी. पाहुणे कुजबुजत जेवत होते, पेल्यांमधला उजेड भिंतीवर हलत होता. मलाही वाटलं, आपण सगळेच कुणाच्या तरी स्वप्नात बसलोय, मोठ्यानं बोललं तर तो जागा होईल. भाऊबहीण मात्र अजून बोलले नव्हते.

शेवटी कोंबडी, अन् तिच्यासोबत बाबांची वाइन. ओदीलनं तोटी सोडली. काचेचा जग भरून ती भावाच्या खोलीत आली, मागोमाग मी.

आन्सेल्मनं घोट घेतला. "ताई, हे तर व्हिनेगर झालंय."

ओदील स्टुलावर बसली. "होणारच होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले, आन्सेल्म. बाबा मरणाच्या दारात होते, अन् मला द्राक्षांची पडली होती."

त्यानं काचेचा जग टेबलावर ठेवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बाबांनी स्वतः फोन केला होता. ये म्हणाले. पण माझं नवं हॉटेल, रोज रांगा. तू बरे आहेत म्हणालीस, ते मला सोयीचं वाटलं. मग सगळा राग तुझ्यावर काढला."

मी तिथून निघायला हवं होतं. नाही निघाले. डोळे पुसायला एप्रन तेवढा बरा पडला.

"एकदाही चाखली नाहीस?" त्यानं विचारलं.

"तुझ्याशिवाय कशी चाखू?"

आन्सेल्मनं नाक पुसलं, कढई पुन्हा आचेवर ठेवली, परतलेल्या कोंबडीवर जग अख्खा उपडा केला. चर्रर्र आवाज झाला. मग लसूण अन् दुधाच्या सायीचा चमचा. आंबट वास तळघरभर पसरला.

ताटं गेली. सगळे पाव फिरवून रस्सा पुसून घेत होते. मग एका पाहुण्यानं हलक्या आवाजात विचारलं, "याच्याबरोबरची वाइन कुठंय?"

"तुमच्या ताटात!" ओदील ओरडली. मोज्यांवर चालणारी ओदील! पेले किणकिणले.

"अगं ताई, हळू," आन्सेल्म दारातून म्हणाला. "साय मोडेल."

"सव्वासहा वर्षं हळूच बोलले," ती म्हणाली. "तू इकडं ये आधी, जेवायला बस."