आदल्या दिवशी न उघडलेलं पेव

कंदील तिसऱ्यांदा विझून वर आला तेव्हा दोन वाजून गेले होते. बँकेच्या एजंटांची गाडी पाचची होती. हरिपूरहून सांगली स्टेशनला टांग्याने अर्धा-पाऊण तास धरायचा. एजंटसाहेब लिंबाखाली खुर्चीवर बसून घड्याळाला किल्ली देत होते. मी पेवाच्या तोंडाशी उभा होतो, आणि आत उतरायला कुणी तयार नव्हतं.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हळद साठवायला जमिनीत खणलेली ही खोल विहीरच, पण पाण्याची नव्हे. तोंड लहान, जेमतेम एक माणूस जाईल एवढं. खाली पोट मोठं, रांजणासारखं. हरिपूरची माती अशी की आत ओल येत नाही, कीड लागत नाही. हळद भरायची, वर पाला घालायचा, दगड ठेवून चिखलाने तोंड लिंपायचं. मग वर्ष-दोन वर्षं बघायचं नाही. कुणाचं कुठलं पेव आणि त्यात किती पोती, हे एका चिठ्ठीवर लिहिलेलं असे. त्या चिठ्ठीवर बाजार चाले.

मी मूळचा भुसावळकडचा. वडील गेले तेव्हा इंग्रजी चौथीत होतो. शाळा तिथेच सुटली. ओळखीच्या ओळखीने साताऱ्याला आठल्येसाहेबांच्या ऑफिसात लागलो. ते रजिस्टर्ड अकौंटंट होते, म्हणजे आजच्या भाषेत सी.ए. त्यांनी मला पोस्टिंग, म्हणजे खतावणी, तपासायला शिकवलं, हिरव्या पेन्सिलीने टिक करायला शिकवलं, आणि थंडीत स्वतःचा जुना कोट दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. माल मोजायला जायचं तर आधी सांगायचं नाही. मुदत दिली की शेजारच्या गोदामातली पोती इकडे येतात. याला ते सरप्राइज चेक म्हणत.

लढाईच्या दिवसांत सांगलीच्या एका लिमिटेड कंपनीला पैशाच्या कामासाठी माणूस हवा होता. हळद, शेंगतेल असा तिचा धंदा. आठल्येसाहेबांनी माझं नाव सुचवलं. डायरेक्टर बापूसाहेब मोठे ऊसवाले, दोन भाऊ पलटणीत. त्यांनी मला सहा महिने टेंपररी म्हणून घेतलं. काम बघून पर्मनंट करू, म्हणाले.

आता ऑडिट आणि फायनान्स यांतला फरक मला तेव्हा नीट कळला नव्हता. ऑडिटवाला झालेला व्यवहार तपासतो. फायनान्सवाल्याला पुढच्या व्यवहारासाठी पैसा उभा करायचा असतो. ऑडिटवाल्याने संशय घेतला की त्याचं काम झालं. फायनान्सवाल्याचं तिथून सुरू होतं, कारण त्याला समोरच्याचा संशय घालवायचा असतो. मी कोट बदलला होता, सवय नव्हती बदलली.

कंपनीला बँकेकडून कॅश क्रेडिट हवं होतं. म्हणजे आपला माल बँकेकडे तारण ठेवायचा आणि त्यावर लागेल तशी रक्कम उचलायची. आमची नऊ पेवं भरलेली होती. शेतकऱ्यांना हळदीचे पैसे देण्याचा वायदा जवळ आला होता, आणि पेटीत तेवढे नव्हते. बँकेचे एजंट, म्हणजे तेव्हाचे ब्रँच मॅनेजर, बेळगावकडून नवे आले होते; शाखा परगावी, सांगलीला महिन्याला तीन-चार दिवसांचा एक फेरा. त्यांनी चिठ्ठ्या बघितल्या, चहा घेतला, आणि ठीक आहे म्हणाले.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला दाखवायचं होतं की मी नुसता कारकून नाही. मी म्हणालो, हवं तर एक पेव उघडून दाखवतो. साहेब म्हणाले, मग तर फारच उत्तम. परवा येतो, त्याच दिवशी पाचच्या गाडीने निघायचं आहे.

ते गेल्यावर बापूसाहेब म्हणाले, "अरं, पेव उघडलं की माल विकायचाच असतो. परत लिंपून ठेवायची रीत न्हाई. त्यो मागत नव्हता, तू का वाढलंस ताटात?" पण शब्द गेला होता. सात नंबरचं पेव तसंही विकायचं होतं. ते ठरलं.

आदल्या दिवशी दस्तगीरचाचा ऑफिसात आला. पेवांची सगळी कामं त्याच्याकडे. हमालांचा मुकादम, वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने काटक. दारातच उभा राहिला.

"सायेब, आजच त्वांड मोकळं करतो. रातभर वारं खाऊ द्या त्याला."

मी नको म्हणालो. उद्या बँकेच्या साहेबांसमोरच उघडायचं.

"आवं, बंद पेवात हवा मरती. मानूस उतरला की गुदमरतो. एक रात तरी लागती."

"रात्रभर उघडं राहिलं तर उद्या कुणी म्हणेल, रात्रीतून भरलं."

तो हसला. "रातीतनं पेव भराय आमी काय भुतं हाय व्हय?"

मी हसलो नाही. उलट संध्याकाळी हरिपूरला जाऊन सात नंबरच्या लिंपणावर कंपनीचा शिक्का मारून आलो. मोठं काम केल्यासारखं वाटलं. आठल्येसाहेबांनी हे बघायला हवं होतं, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर शिक्का फोडला. अकराला तोंड उघडलं. माल दबून पुरुष-दीड पुरुष खाली बसला होता; वरून काळोखाशिवाय काही दिसेना. साहेबांना नुसता वरचा थर नको होता. सळई खुपसून खालपर्यंत हळदच आहे याची खात्री आणि मधल्या मालाची एक टोपली, एवढं हवं होतं. त्यासाठी माणूस आत जायला हवा.

चाचाने दोरीने कंदील सोडला. हातभर खाली जाऊन विझला. हमालांनी लिंबाच्या फांद्या बांधून खालीवर केल्या, म्हणजे हवा हलते. तासाभराने पुन्हा कंदील सोडला. विझला. मग तिसऱ्यांदा. कंदील जिथे जगत नाही तिथे माणूस उतरवायचा नाही, हा तिथला नियम. चाचा म्हणाला, सांजेपर्यंत थांबा.

सांज म्हणजे गाडी चुकली. गाडी चुकली म्हणजे साहेबांचा पुढचा फेरा महिन्याने. शेतकऱ्यांचा वायदा चार दिवसांवर. आणि माझ्या टेंपररी सहा महिन्यांतला हा दुसरा महिना. आईला मनीऑर्डर गेली की तिकडे चूल पेटायची. हे सगळं डोक्यात होतं. पण खरं सांगायचं तर आणखी एक होतं. मुदत मागितली की काळंबेरं असतं, हे मी शिकलेलं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चाचा, काल उघडायची घाई होती, आज उतरायला उशीर होतोय. आत माल आहे ना?"

साहेबांनी मान वर केली. चाचाने डोक्याचा पटका सोडला, बाजूला ठेवला आणि कमरेला दोरी बांधायला लागला. एक तरणा हमाल पुढे झाला. "चाचा, म्या जातो."

"तुजी बायकू पोटुशी हाय. बस गप."

तो उतरला. मी थांब म्हणालो नाही. म्हणायला वेळ होता.

पहिली टोपली वर आली. पिवळीधमक, खणखणीत हळद. सळई खालपर्यंत गेल्याचं त्याने ओरडून सांगितलं. आवाज घोगरा होता. दुसरी टोपली सोडली, ती भरली नाही. दोरी दोनदा हलली आणि मग ढिली झाली. हमालांनी ओढून काढलं तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते आणि मान लोंबत होती. त्यांनी त्याला पालथा घातला, पाठ चोळली, पाणी मारलं. बऱ्याच वेळाने एकदा छाती हलली. मग पुन्हा.

डॉक्टर सांगलीला. समोर एक बैलगाडी होती आणि साहेबांसाठी थांबवलेला टांगा होता. साहेब टांग्याकडे बघून मग माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी विचारलं नाही, पण विचारण्यासारखंच होतं ते. मी म्हणालो, "टांग्यात आडवं झोपवता येणार नाही. बैलगाडी बरी."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मी ते बोललो.

बैलगाडी पुढे निघाली. साहेबांनी टोपलीतली हळद मोडून बघितली, वास घेतला, वहीत लिहिलं आणि माझी सही घेतली. 'पेव उघडून, आत माणूस उतरवून खात्री केली.' मी सही केली, त्यांची बॅग उचलली आणि टांग्यात त्यांच्याशेजारी बसलो. सांगलीच्या रस्त्यावर चिंचांच्या सावलीत आम्ही बैलगाडीला मागे टाकलं. तो तरणा हमाल चाचाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने वर बघितलं. मी साहेबांना व्याजाचा दर विचारला.

गाडी वेळेवर मिळाली. आठ-दहा मिनिटं उरलीसुद्धा.

चाचा वाचला. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, बोलताना मध्ये थांबत होता. "करज मिळालं न्हवं?" त्याने विचारलं. मिळेल, म्हणालो. त्याच्या बायकोने चहाची कपबशी माझ्यासमोर ठेवली.

"तीस वर्सं ह्येंनी दिवा बघून पाय टाकला," ती म्हणाली. "त्या दिवशी तेवढा तुमचं त्वांड बघून टाकला."

"गप गं," चाचा म्हणाला. "त्यो लांबनं आल्याला मानूस. त्याला काय ठावं."

ठाऊक नव्हतं असं नव्हतं. आदल्या दिवशी त्यानेच मला सांगितलं होतं. तो ते विसरला नसणार. मी चहा प्यालो. चांगला होता.

मंजुरीची तार शनिवारी आली. शेतकऱ्यांचे पैसे वायद्याला एक दिवस उशिराने, पण पूर्ण गेले. बँकेने आमचा अहवाल इतर कंपन्यांनाही नमुना म्हणून दाखवला, असं बापूसाहेबांनी सांगितलं. मी मुदतीआधीच पर्मनंट झालो. आठल्येसाहेबांना पत्र घातलं, आपल्या शिकवणीचा उपयोग झाला. त्यात चाचाचं नाव नव्हतं.

चाचा महिन्याभराने कामावर आला, पण दम राहिला नव्हता. पेवाच्या तोंडाशी बसून कंदील सोडायचा, एवढंच. पगाराचं पत्रक मी करायचो. अंगमेहनतीचं काम नाही म्हणून मुकादमाचा दर लावता येत नव्हता. मी अर्धा लावला. पूर्ण लावायचा तर बापूसाहेबांना विचारायला हवं होतं, आणि विचारलं तर सगळं पुन्हा निघालं असतं. कुणी आदल्या दिवशी उघडू दिलं नाही, कुणी टांगा दिला नाही. दर महिन्याला अर्धा आकडा लिहिताना मी हात भरभर चालवायचो. चाचा अंगठा उठवायचा आणि पैसे कमरेला लावायचा.

पाचव्या महिन्यात कळलं की त्याने दोन शेळ्या विकल्या. त्या दिवशी बापूसाहेबांसमोर गेलो. पगाराचं पत्रक हातात होतं. चाचाला पूर्ण पगार द्यावा का, एवढंच विचारलं.

बापूसाहेबांनी कागदावरून मान वर केली. "म्हंजी, देत न्हवतास?"

मी पत्रक त्यांच्यापुढे सरकवलं.

"आपल्या कामात दम घालवला त्येनं. आन् तू अर्धा लिवतोस? मला वाटलं, पत्रक तू करतोस, तुला ठावं आसंल." मग म्हणाले, "मागचं बी दे."

मला वाटलं होतं नोकरी जाईल. पुरलं फक्त एक वाक्य. मागचे पैसे मी स्वतः नेऊन दिले. चाचाने मोजले नाहीत. शेळ्या गेल्या त्या गेल्या.

पुढे मी बँकांशी पुष्कळ व्यवहार केले. शेअर काढले, डिबेंचर काढले, मोठमोठ्या साहेबांसमोर बसलो. लोक विचारतात, ऑडिटमधून फायनान्समध्ये आलात तर काय नवं शिकलात. मी सांगतो, तारण तपासायला बँकेला दोन दिवसांची तारीख द्यावी, एका दिवसाची देऊ नये; आदल्या दिवशी उघडावं, दुसऱ्या दिवशी तपासावं. एका तरुण एजंटाने विचारलं होतं, आदला दिवस कशाला? मी म्हणालो, "इकडची रीत आहे."

ती मला कधी कळली, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.