पिशवी काढलेली अंजना

धारूरकडच्या आमच्या वस्तीत "पिशवी काढली" म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांनी गर्भाशय काढलेलं. त्यामुळे अंजनाला सतरावं सरलं तरी पाळी आली नाही आणि शहरात ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या आईनं, केशरबाईनं, तोच शब्द पुढे केला. गाठ होती, पिशवी काढली. अंजनालाही पटलं.

नवरा मिळाला बिजवर. आसाराम. पहिलीची दोन लेकरं. "तुला पदरात घेतलं, उपकार मान," आई म्हणाली. अंजनानं मानले. लेकरं वाढवली, शेरडं राखली, सासूचं "वांझोटी" ऐकून घेतलं.

यंदा कळशी उचलताना मनगट मोडलं. चाळिशीच्या आत! डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या.

"ताई, पिशवी काढलेली नाही. ती तुम्हाला जन्मापासूनच नव्हती."

"मग काढलं काय?"

"तुमची गुणसूत्रं पुरुषांत असतात तशी आहेत. पण शरीरानं पुरुषी हार्मोन जुमानलंच नाही, ते बाईचंच वाढलं. आत पुरुषांसारख्या ग्रंथी होत्या, त्या काढल्या. त्यानंतर हाडं टिकायला हार्मोनच्या गोळ्या हव्या होत्या. कुणी सांगितलं नाही?"

अंजना थेट माहेरी. केशरबाई बाजरी पाखडत होती.

"माय, आप्रेशननंतर डाक्टरनं गोळ्या दिल्त्या का मला?"

सूप थांबलं. "दिल्त्या. आनल्या थोडे दिवस. मेडिकलवाला भावकीतला. म्हनला, काकू, ह्या कुणाला? मग बंद केल्या."

"मह्या हाडाचा भुगा झाला!"

"तुला खरं सांगितलं असतं तर हिरीत उडी टाकली असतीस, बाई."

"आन् ह्यांना काय सांगितलं?"

"जावायाला सोयरीक जमतानाच सगळं सांगितलं. पाव्हण्याला फसवू नाही."

"पाव्हण्याला न्हाई. लेकीला चालतं!"

घरी येऊन तिनं आसारामला गाठलं. "तुमची आई मला वांझोटी म्हनायची, तवा तुमी कामून गप बसलात?"

"तुझ्या मायनं शपथ घातल्ती."

"आन् मी उपकार मानीत बसले, ते लई ग्वाड लागलं?"



आता अंजना गोळ्या घेते, ओसरीवर, सगळ्यांसमोर. आसाराम विचारतो, "घेतली का गं?" ती लेकरांशी बोलते, शेरडांशी बोलते. त्याच्याशी नाही. माहेरचा फोन वाजत राहतो.