पाठमोरे मामा

"मोबाइल खिशात ठेव आणि नीट ऐक," असं मी मुलीला दटावलं. आम्ही सोलापूरच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यापुढे उभे होतो. दुपारच्या खाण्याची वेळ. केळी-गाजरांची पाटी घेतलेला खाकी कपड्यांतला माणूस आमच्याकडे पाठ करून माहिती सांगत होता, "हा नर. वय झालंय, पोट सुटलंय, पर सोताला लई शाना समजतोय. मादीम्होरं गप असतोय, पिल्लांवर तेवडा गुरगुरतोय."

"अगदी शास्त्रीय निरीक्षण आहे!" मी मोठ्यानं म्हणालो.

लोक का हसतायत ते कळेना. बायकोनं कोपर मारलं तेव्हा उजेड पडला. हे मामा माकडांची माहिती आम्हाला देतच नव्हते. आमची माहिती माकडांना देत होते.

हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. विचारलं तर म्हणायचे, "तुमी तिकीट काडून ह्यांना बगायला येता. कोण बगायला आलंय, ते ह्यांना कळाय नगं व्हय?" सगळ्यांत म्हाताऱ्या माकडाला ते अण्णा म्हणत आणि बहुतेक बोलणं त्याच्याशीच असे. शाळेची सहल आली, की "अण्णा, ह्या कळपाच्या बाई. नुस्तं बोट वर केलं की पिल्लं वळीनं बसत्यात. शिक जरा." रागावत कुणी नसे. उलट लोक आपापले नातेवाईक मुद्दाम पुढे ढकलत. मीही मोडनिंबहून आलेल्या साडूला घेऊन गेलो. मामांनी आम्हा दोघांकडे मान वळवून एकदाच पाहिलं आणि अण्णाला सांगितलं, "ह्यो दुसऱ्या कळपातला नर. हितल्या नराशी पटत न्हाय. पर माद्या बहिणी हायत, करतोय काय!"

साडू महिनाभर बोलला नाही. तेवढाच माझा फायदा.

मग नवे साहेब आले. त्यांना शिस्त हवी होती. तोंड माणसांकडे, हातात छापील कागद. जमत नसेल तर माकडांचं काम सोडा आणि बागेत झाडांना पाणी घाला. मामांचा चेहराच उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणसांकडं तोंड केलं की मला बोलता येत न्हाय हो. घाम फुटतोय. अन् झाडांस्नी तुमचं काय सांगू?"

साहेब स्वतः ऐकायला आले त्या दिवशी मी होतो. मामा आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. "माकड हा सस्तन प्राणी आहे," त्यांनी वाचलं. मग पुन्हा तेच वाचलं. तिसऱ्यांदा ते 'माकड'पाशीच अडले, आणि सरळ वळले.

"अण्णा, हे आमचे नवे साहेब. नवा नर आला की पयल्यांदा सगळ्यांवर दात काडतोय. भ्यायचं न्हाय. म्हैनाभरात माणसाळतोय."

कुणी हसलं नाही. सगळे साहेबांकडे बघत राहिले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पुढं सांगा की," ते म्हणाले.

मामांचं काम वाचलं, पण पिंजरा लहान आहे, हे कुणी नाकारू शकत नव्हतं. पुढे माकडांना दुसरीकडे मोठ्या जागेत हलवायचा हुकूम आला. आम्हाला पत्ताच नव्हता. एका रविवारी नेहमीसारखे गेलो तर पिंजरा झाडून स्वच्छ, आणि मामा त्याच्याकडे तोंड करून उभे. वेळ झालेली, म्हणून सवयीनं माणसंही जमलेली. मामांनी दोनदा घसा खाकरला. मग आपणहून, कुणी न सांगता, ते आमच्याकडे वळले. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा समोरून, निवांत पाहिला.

"आता तुमचं कुणाला सांगू?" ते म्हणाले.

"शास्त्रीय प्रश्न आहे," मी हळूच म्हणालो.

परतताना मी स्कूटर नेहमीपेक्षा सावकाश चालवली. घराजवळ आल्यावर मागून बायको म्हणाली, "इतकं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याबद्दल सांगायला माझ्याकडे पुष्कळ आहे. पण ऐकायला घरात माकड एकच, आणि ते ऐकत नाही."