एका मजल्याची बोट

नववीत शाळा सोडलेल्या माणसाने मोठ्या जहाजाला नाही म्हणायचं नसतं, असं माझ्या चुलत भावाचं मत. मी नाही म्हणालो. त्या दिवशी तोंडाने नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

मी फ्रान्समध्ये एका लहान बोटीवर काम करतो. वीस प्रवासी आणि कामाला आम्ही पाच जण. सकाळी भाज्या चिरायच्या आणि लॉक आलं की हातातली सुरी ठेवून डेकवर पळायचं. लॉक म्हणजे कालव्यातला हौद, दोन्ही टोकांना गेट असलेला. बोट आत घेऊन मागचं गेट लावतात, मग पाणी सोडतात. पाणी खाली जाईल तशी बोट खाली बसते आणि मग पुढचं गेट उघडतं. बोट आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर जागा. शहागडच्या ढाब्यावर ताटं उचलायचो, तिथून गोव्याला गेलो आणि तिथल्या एका आचाऱ्याच्या शब्दावर इथवर आलो. अजूनही कुणी कागद पुढे केला की वाटतं, हा मला परत पाठवायचाच असणार.

हिवाळ्यात कालवे बंद असतात, म्हणून मी सुट्टीवर गावी गेल्तो. दादा, म्हणजे हा चुलत भाऊ, पुण्याला असतो, तोही तेव्हा गावी आला होता. त्याने ओळखीतून माझ्यासाठी मोठ्या जहाजावर जागा बघून ठेवली होती. बारा मजले, दोन पोहण्याचे तलाव, पगारही जास्त. माझ्याआधी ही बातमी गावाला कळली. कुंभार पिंपळगावच्या बाजारात कांदे मापणारा माणूस तराजू हातात धरून मला विचारत होता, मजले किती म्हणून.

दादा माझ्या भल्यासाठीच करत होता, हे मला बराबर कळत होतं. म्हणून जास्तच अवघड झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जहाजवाल्यांच्या माणसाचा फोन येणार होता आणि त्याला हो म्हणायचं होतं. इकडे आमच्या बोटीच्या कप्तान बाईंचाही निरोप आला होता. परत येणार का ते आठवड्यात कळव, नाहीतर दुसरा माणूस घेते. दोन्ही जागा हातच्या जातील या भीतीने मला जेवण गेलं नाही.

मी दादाला समजावून बघितलं. मोठं जहाज कालव्यात शिरतच नाही, ते समुद्राच्या बंदरात उभं राहतं. प्रवाशांना बसमध्ये घालून कालवा दाखवायला आणतात. ते दहा मिनिटं भिंतीवरून वाकून बघतात, फोटो काढतात आणि जातात. खाली दोर धरून उभा असताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलंय. आमच्या प्रवाशांना तसं बघायचं नसतं. गेटाच्या ओल्या लाकडाला हात लावायचा असतो, म्हणून ते लहान बोट निवडतात. आणि मलाही तेच पाहिजे.

दादा म्हणाला, "तुला कालवा बघायला पाठवलंय का तिकडं? कालवा तर आपल्या रानाजवळूनच चाललाय. होडीवर बसून काय करून राह्यलास तू?"

घरातले सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याचा मला रात्रभर राग आला.

दुसऱ्या दिवशी फोनची वाट बघत आम्ही ओट्यावर बसलो. आण्णा, माझे वडील, शेजारीच होते. त्यांची उमर पाटकरी म्हणून गेली. कालव्याला पाणी सुटलं की काठाने चालत जायचं आणि ज्याची पाळी त्याच्या चारीचं, म्हणजे रानात जाणाऱ्या पाटाचं, गेट उचलायचं. त्यांनी एकदम विचारलं, "तुमच्याकडं गेट कोण उघडतं?"

म्हणालो, काही ठिकाणी आपोआप उघडतं. काही ठिकाणी आपणच चाक फिरवायचं.

"मंग पाणी उतरताना तू कुठं असतो?"

तेव्हा मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझ्या हातात दोर दिला होता. आमच्याकडे दोर हातात आला की माणूस काय करणार? बैल बांधतो तशी खुंट्याला पक्की गाठ मारली आणि ऐटीत उभा राहिलो. पाणी उतरलं. बोट खाली जाईना, दोराला लटकून एका बाजूला कलली. आतून कपबशा फुटल्याचा आवाज, एक म्हातारी खुर्चीसकट घसरली. बाई सुरी घेऊन धावत आल्या आणि त्यांनी दोर कापला. मी खोलीत जाऊन पिशवी भरली. बाई दारात आल्या, तोच तुटका दोर माझ्या हातात दिला आणि बाहेर नेऊन दाखवलं. एक वेढा घ्यायचा आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचा. बांधायचा नाही, धरायचा. दुसऱ्या दिवशी पुढच्या लॉकला दोर पुन्हा मलाच दिला.

"बारा मजल्यांच्या जहाजावर माझ्यासाठी सुरी घेऊन कोण धावणार?" मी म्हणालो. "तिथं मी खालच्या मजल्यावर ताटं खरवडणार. चुकलो तर दुसरा आणतील."

आण्णा हसले. "मी बी पहिल्या पाळीला गेट एकदम पुरं उचललं होतं," ते म्हणाले. "खालच्या रानातल्या म्हाताऱ्याची चारी फुटली. गहू वाहून गेला. त्याच म्हाताऱ्यानं मला शिकवलं मंग, किती आटे फिरवायचे ते."

फोन वाजला. दादाने स्पीकर लावून माझ्यापुढे धरला. म्हणालो, "साहेब, मी येणार न्हाई. मला काम हाय." पलीकडच्याने पुन्हा विचारलं, विचार केला का? मी म्हणालो, बिलकुल केला.

मी निघेपर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या पाया पडलो, पण शब्द मागे घेतला नाही.

आता पुन्हा कालव्यावर आहे. परवा आईचा फोन आला होता. बाजारात अजून विचारतात म्हणे, पोराच्या जहाजाला मजले किती? ती आपली पिशवी घेऊन पुढे जाते. आण्णा मात्र थांबून उत्तर देतात.

"मजला एकच हाय. पण दोर त्याच्या हातात असतो."