शेजारणीचा बर्फ

फ्रिज उघडल्यावर गार वाफ तोंडावर आली की भिलाईचं आमचं पहिलं क्वार्टर आठवतं. यांना प्लांटमध्ये नोकरी लागली, लाइनीत पहिला फ्रिज आमच्याकडे आला, आणि मी महाशहाणी, समजले की गरिबीबरोबर जातही गेली. शेजारच्या काकू बर्फासाठी आल्या तेव्हा तर मी राणीसारखी मिरवले. त्यांनी पदराखालून भरलेला डबा काढला. "बहू, पानी हमारे घर का है, बस जमा देना." मी हसत जागा केली. सासूबाई म्हणाल्या, "येडे, आपण जयभीमवाले. तिले आपलं पाणी चालत नाही." मी उलट त्यांनाच हसले. परवा भिलाईतच, जुनवानीच्या नव्या फ्लॅटमध्ये नात म्हणाली, "आजी, आता जात कोण पाहून राहिलं?" तिच्यावर हसायला मला जमलं नाही.