दासगावच्या धक्क्यावरचा जिताडा

दासगावच्या धक्क्यावर खाल्लेल्या जिताड्याची चव अजून माझ्या तोंडात आहे, आणि ज्याने तो खाऊ घातला त्या माणसाचा रागही तितकाच ताजा आहे. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमची वाडी वरंधच्या वर, डोंगरात. नाचणी, वरी आणि थोडी गुरं. मासा म्हटला की आम्हाला सुकट ठाऊक, नाहीतर पावसाळ्यात शेतात चढणारे वळगणीचे मासे. अक्काला दिलं ते महाडच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावात. नवरा मुंबईला गिरणीत. तो सुट्टीवर आला की आधी त्याने जेवायचं, मग त्याच्या उष्ट्या ताटात तिने बसायचं. त्या उष्ट्यातही माशाची बरी तुकडी उरलेली दिसली तर सासू ती उचलून घ्यायची. मूल होत नाही म्हणून शेवटी तिनेच अक्काला आमच्या दारात आणून सोडलं. पाणीसुद्धा न पिता परत फिरली.

पुढे शिमग्याच्या आधी मुंबईहून आलेल्या एका वाडीकराबरोबर निरोप आला. जावई लाँचीने येतोय, अक्काला घेऊन दासगावला या, तिथूनच तिला घरी नेतो. बा हरखला. अक्काने नवं लुगडं नेसलं, बोचकं बांधलं. बाने जावयासाठी एक कोंबडा काखोटीला मारला आणि आम्ही तिघं डोंगर उतरलो. रात्री बिरवाडीला ओळखीच्या घरी टेकलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव गाठलं.

मुंबईची बोट बाणकोटला लागायची आणि तिथून लाँच भरतीच्या पाण्यावर आत यायची. आम्ही पोचलो तेव्हा ती येऊन गेली होती. धक्क्याला लागून एका भोईणीची खाणावळ होती: वर झापांचं छप्पर, खाली सारवलेली जमीन, समोर खाडी. उतारू आणि गाडीवान तिथे जेवायचे. जावई आणि त्याचा चुलता आमची वाट बघत बसले होते. चुलत्याने कोंबडा घेऊन आपल्या बैलगाडीच्या चाकाला बांधला. गाडीजवळ पत्र्याच्या ट्रंकेवर एक अनोळखी तरुण बाई बसली होती. असेल कोणी उतारू, असं मला वाटलं.

"या पाव्हणं, बसा. आत्ताच होडीतून जिताडा उतरलाय," चुलता म्हणाला.

अक्काला भोईणीने आत चुलीपाशी बसवलं. बाहेर आम्हा पुरुषांपुढे जर्मनच्या ताटल्या आल्या. तांदळाची भाकरी, कोकम घातलेलं लालभडक कालवण आणि तळलेल्या जाड तुकड्या. बोट लावलं की पाकळ्या सुटत होत्या. चुलत्याने माशाचं डोकं मानाने बाच्या ताटलीत वाढलं. मी दोन घास खाल्ले आणि मला वाटलं, एवढं चांगलं अन्न मी जन्मात खाल्लं नव्हतं.

बाने डोकं फोडलं न फोडलं तोच चुलता बोलला, "पाव्हणं, वंश पुढं चालायला पायजे. म्हणून पोराला दुसरी केली. ती बघा, गाडीपाशी बसलीय. तुमची लेक आता तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. पंचांपुढं तेवढं सांगा, आम्ही राजीखुशीनं ठेवून घेतली म्हणून."

"मग हितवर कशाला बोलावलंत?" बाने विचारलं.

"गावात तमाशा नको म्हणून. जेवा, जेवा. गार होतंय."

जावई मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडत होता. अजून त्याने घास तोंडात घातला नव्हता. माझ्या तोंडातला घास मला गिळवेना आणि थुंकवेनाही.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. कुडाच्या आडून तिने सगळं ऐकलं होतं. ती सरळ नवऱ्यासमोर बसली, त्याची ताटली आपल्याकडे ओढली आणि जेवायला लागली. घाई नाही, रडणं नाही. काटे काढून नीट कडेला ठेवत होती. धक्क्यावरचे गाडीवान बघायला लागले. अर्धी तुकडी खाऊन तिने ताटली त्याच्यापुढे परत ढकलली.

"आजवर तुजं उष्टं मी खाल्लं. आज माजं तू खा."

नवऱ्याला 'तू' म्हटलेलं मी तोवर आमच्याकडे ऐकलं नव्हतं. चुलता हात उगारून उठला, पण भोईण पळी घेऊन मध्ये आली.

"माज्या दारात बाईवर हात नाय उचलायचा! चला, निघा हितून!"

जावई उठला. अक्काकडे एकदाही न बघता गाडीकडे गेला. ती ट्रंकेवरची बाई मात्र अक्काकडे बघत राहिली, गाडीत चढेपर्यंत. तिला यातलं काय सांगितलं होतं, देव जाणे. तिचाही मला तेव्हा रागच आला. बा गाडीमागून गेला. मला वाटलं, आता हा जावयाची गचांडी धरणार. त्याने चाकाचा कोंबडा सोडला, काखोटीला मारला आणि परत आला.

येताना बा आमच्यापुढे झपाझप चालत होता. बिरवाडी मागे पडल्यावर अक्कावर ओरडला, "चारचौघांत माजं नाक कापलंस! जरा गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"बा, त्यांनी तुला डोकं वाढलं आणि तू ते फोडत होतास," ती म्हणाली.

तो तिच्या अंगावर धावला. मी आडवा झालो. त्यानंतर पुढच्या लावणीपर्यंत एका घरात राहून ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. भाकरी ती थापायची, बा खायचा. पंचांनी मात्र बोलावलं तेव्हा बा गेला आणि 'राजीखुशीनं' हा शब्द त्याने काही उच्चारला नाही. विचारलं की नुसता खाली बघायचा. शेवटी कंटाळून पंचच उठले.

अक्का आमच्याकडेच राहिली. आमच्या दोन म्हशी तिच्याच झाल्या, दुसऱ्या कोणाला धार देत नसत. वाडीतल्या बायका काही दिवस कुजबुजल्या, मग त्यांनाच भांडणात साक्षीला अक्का लागायला लागली.

बऱ्याच वर्षांनी महाडच्या बाजारात तो मला भेटला. केस पिकले होते, गिरणी सुटली होती. "काय मेव्हणं, घरी सगळी बरी हायेत ना?" असं हसून म्हणाला, जणू काही झालंच नव्हतं. अक्काचं नाव घ्यायची त्याची हिंमत झाली नाही. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, पुन्हा कधी ओळखायला चूक होऊ नये म्हणून, आणि मिठाच्या दुकानाकडे वळलो.