मायच्या खिरापतीच्या ओळी

हे मी आजवर कोणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकींजवळ नाही, धाकट्या बहिणीजवळ तर नाहीच—तिनं माझ्या झिंज्याच उपटल्या असत्या. तुम्हाला सांगते. पण आधीच बजावून ठेवते, सांगता सांगता मी फुलून जाईन, हसेनसुद्धा. त्याला भुलू नका. गोष्ट चांगली नाही.

आर्णीकडचं आमचं गाव. साल छप्पन-सत्तावन्न असेल, मी दहाची. भादव्याची पौर्णिमा आली की आमच्याकडे भुलाबाई बसायची. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. मग कोजागिरीपर्यंत रोज दिवस मावळला की आम्ही पंधरा-वीस पोरी घरोघर गाणी म्हणत हिंडायचो. बाई गं, काय ती धावपळ! एकीचा परकर फाटतोय, दुसरी शेणात पडतेय, कोणाला पर्वा? कारण गाणी संपली की खरा खेळ—खिरापत! घरच्या बाईनं डब्यात खाऊ लपवलेला असायचा, तो आम्ही ओळखायचा. डबा कानाशी हलवायचा, झाकणाचा वास घ्यायचा आणि बोंबलायचं—फुटाणे! खोबरं! पेरू! आम्ही हरलो तर ती बाई दुसऱ्या दिवशी विहिरीवर नुसती मिरवायची.

आणि माझ्या मायपुढे आम्ही रोज हरायचो! ती डबा हलवूच द्यायची नाही. दारात उभी राहून दोन ओळी म्हणायची, बस्स. त्यावरून ओळखा म्हणे. ओळी तिच्या स्वतःच्या, त्याच दिवशी शेतात तण निंदता निंदता केलेल्या.

खापरात नाचल्या पोरी,
जाताना सावळी, येताना गोरी.

ओळखलं का? आम्हाला नाही आलं. आम्ही साखर म्हटलं, रेवड्या म्हटलं, काय काय म्हटलं! शेवटी झाकण उघडलं—ज्वारीच्या लाह्या! अशा काही ओरडलो आम्ही की शेजारचा म्हातारा काठी घेऊन आला. मलाही ती आधी सांगायची नाही बरं का, पोटची पोर असून. मी आतल्या आत नाचत असायचे. अशी माय कोणाची होती सांगा? तिला अक्षर येत नव्हतं. निंदायला लोकांच्या वावरात जायची. गावात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं, त्या दोन-दोन ओळी.

थांबा—येते मी मुद्द्यावर. पळून जात नाही.

त्या वर्षी शाळेत नवीन बाई आल्या होत्या, यवतमाळच्या. पोरींच्या तोंडी त्यांनी ह्या ओळी ऐकल्या आणि वर्गात विचारलं, कोण करतं गं हे? मी उभी राहिले. मायचं नाव सांगायला उभी राहिले होते, तोंडून भलतंच निघालं—

नाही. हे खोटं. 'मी' म्हणायलाच उभी राहिले होते. मायला ओळी मीच करून देते, ओळखता येत नाही असं नुसतं दाखवते, म्हटलं; मायला अक्षर येत नाही, तेव्हा पोरींनाही ते पटलं.

बाईंनी मला पोटाशी धरलं. वहीत ओळी उतरवून घेतल्या आणि मला पहिल्या रांगेत बसवलं, जिथं पाटलांच्या पोरी बसायच्या. लाज वाटली का मला? छे हो! मी आनंदानं वेडी झाले होते. घरी जाताना रस्ताभर उड्या मारत गेले. मग रोज मायकडून नवी ओळ ऐकायची आणि सकाळी बाईंना नेऊन द्यायची, असं चाललं.

दिवाळीनंतर शाळेत गॅदरिंग झालं. सारा गाव जमला. मायनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, बायांच्या पहिल्या ओळीत बसलेली. बाईंनी मला टेबलावर उभं केलं. मी खणखणीत आवाजात सुरू केलं—

हिरवी गोधडी, ठिगळांची सगळी,
दुधात निजली पिल्लं काळी काळी!

"सीताफळ!" अख्खा गाव ओरडला. टाळ्या! अजून ऐकू येतात मला त्या, आणि खरं सांगू, अजून गोड वाटतात. मायचं तोंड मी पाहिलं. आधी ते हसरं होतं. मग बाई म्हणाल्या, ह्या सगळ्या आमच्या लीलाच्या ओळी—आणि मायला विचारलं, "लीलाच्या आई, तुम्हीपण करता का हो असं काही?"

माय उठून उभी राहिली. तोंड उघडलं तिनं. आणि मी टेबलावरून ओरडले, "तिले काय येते? तिले तं सही बी करता येत नाही!"

सारे हसले. मायही हसली, पदर तोंडाला लावून, आणि खाली बसली.

पुढच्या भुलाबाईत पोरी दारात आल्या तेव्हा तिनं मलाच पुढे ढकललं. "आता माही लीला करते," म्हणाली. पण त्याआधी चुलीपाशी बोलावून दोन ओळी माझ्या कानात सांगितल्या होत्या. का? मी चारचौघींत तोंडघशी पडू नये म्हणून. असं वर्षानुवर्षं चाललं. मी चालू दिलं.

तुम्ही म्हणाल, जाऊ द्या हो, लेकरू होतं. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण अजून संपलं नाही ना!

पुढे मला कळंबला दिली. मी शाळेत मास्तरीण झालेली, बावीस वर्षांची घोडी. सासरची पहिली भुलाबाई होती आणि माय चार दिवसांसाठी आली होती. 'सूनबाई ओळी करते' ही कीर्ती आधीच पोचलेली, त्यामुळे अंगण भरलेलं. काय उत्साह माझा! डबा उंच धरला आणि म्हटलं—

डबा हलवा, वाजते काय?
भुलाबाईची घाई वाजते, माय!

मागून मायचा आवाज आला, "माह्या लेकीची."

घरात खिरापतीला काहीच नव्हतं, डबा रिकामा, अशा एका दिवशी केलेल्या त्या ओळी. मी धापा टाकत घरी आले होते आणि तिनं मला पाहून त्या जोडल्या होत्या. 'माह्या लेकीची घाई वाजते, माय.' माझ्यावरच केलेल्या! शाळकरी पोरीच्या तोंडी 'माही लेक' कशी चालेल म्हणून मी तो शब्द काढून टाकला होता. तिच्या तोंडून तो सहज निघून गेला.

साऱ्या बाया वळल्या. सासूबाईंनी विचारलं, "काहून ओ विहीणबाई, तुमच्या हायेत का ह्या ओळी?"

माय माझ्याकडे पाहत राहिली. काय सांगायचं, ते तिनं माझ्यावर सोडलं होतं.

मी हसत हसत म्हणाले, "तिच्या कायच्या? माह्याच तोंडून ऐकलं अन् उलटसुलट पाठ झालं तिले."

"हो," माय म्हणाली, "चुकलंच माहं."

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. एकही ओळ केली नाही. विचारलं की म्हणायची, सुचत नाही आता. जुन्या ओळी लोक मला अजून म्हणायला लावतात. परवाच नातीच्या शाळेत म्हटल्या, टाळ्याही पडल्या. कोणाच्या, हे कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.